भरतीच्या वेळापत्रकावरचे बेट

दस्तुरीच्या नाक्याशी मोटार सोडून ज्यांनी माथेरानच्या तांबड्या वाटेवर पायी किंवा घोड्यावरून प्रवेश केला आहे, त्यांना मोटारीवाचून गाव कसे असते ह्याची कल्पना निराळी करून द्यावयास नको. भोंग्यांचा गलका मागे पडला म्हणजे आपल्या कानांना किती बारीकसारीक ऐकू येते, ह्याचे त्यांना नवल वाटले असेल. परंतु माथेरान हा डोंगर आहे. तो जागचा हलत नाही. आज आपणांस ज्या ठिकाणी न्यावयाचे योजिले आहे तेथे मोटार तर नाहीच, पण ती जिच्यावर चालवावयाची ती भूमीही स्थिर नाही. जर्मनीच्या वायव्य किनाऱ्यासमोर, उत्तर समुद्रात, यूस्ट नावाचे एक बेट आहे, त्याची ही हकीकत.

नकाशा उघडून पाहिला तर हॉलंडच्या सरहद्दीपासून पूर्वेकडे, किनाऱ्याशी समांतर, सात बेटे ओळीने मांडल्यासारखी दिसतील: बोर्कुम, यूस्ट, नॉर्डरनाय, बाल्ट्रुम, लांगेओग, स्पीकरोग आणि वांगरोगे. ह्यांपैकी यूस्टची लांबी सुमारे सतरा किलोमीटर, म्हणजे आपल्या कुलाब्यापासून वांद्र्यापर्यंत. आणि रुंदी पाहू गेल्यास बहुतेक ठिकाणी अर्धा किलोमीटर, फार तर एक. उत्तरेच्या पुळणीवर उभा असलेला मनुष्य दहा-पंधरा मिनिटांत दक्षिणेच्या चिखलाशी येऊन पोहोचतो. कायम वस्ती दीड हजारांच्या आसपास. तेथील लोक आपल्या बोलीत बेटाला 'ट्योव्हरलांड', म्हणजे जादूची भूमी, असे म्हणतात. स्वतःच्या गावाविषयी असे कोण म्हणत नाही? पण येथे त्या शब्दात थोडे तथ्य आहे, कारण ही भूमी दिसते तितकी खरी नाही. तिच्यात खडक नाही. वरपासून खालपर्यंत सारी वाळू, आणि ती वाळूही चालती.

भूगोलवेत्ते अशा बेटास रोधक बेट म्हणतात. मुख्य भूमी आणि खुला समुद्र ह्यांच्यामध्ये ते अडसरासारखे आडवे पडलेले असते आणि लाटांचा पहिला तडाखा आपल्या अंगावर घेते. ही बेटे म्हणजे पूर्वीच्या किनाऱ्याचे बुडता बुडता उरलेले तुकडे होत, अशी समजूत एके काळी होती. ती आता मागे पडली आहे. हिमयुग सरल्यावर समुद्राची पातळी चढत गेली. पुढे तिचा वेग मंदावला, तेव्हा लाटांनी तळाची वाळू ढकलीत आणून उथळ जागी तिचे दांडे रचले. ओहोटीत उघड्या पडलेल्या दांड्यावरची वाळू वाऱ्याने वाळवली आणि उडवली. एखाद्या शिंपल्याच्या किंवा वाहून आलेल्या लाकडाच्या आडोशाला ती साचली, आणि त्या ढिगावर मॅरम नावाचे एक राकट गवत रुजले. ह्या गवताचा स्वभाव असा की, वाळूने त्यास पुरले की ते मरत नाही, उलट जोमाने वर येते. पुन्हा पुरले की पुन्हा वर येते. अशा रीतीने गवत आणि वाळू ह्यांच्या चढाओढीतून टेकड्या उभ्या राहिल्या. त्या टेकड्या म्हणजेच बेट.

मात्र समुद्र सर्वत्र असे बेट होऊ देत नाही. भरती आणि ओहोटी ह्यांच्या पातळीतील फरक माफक असेल तेथेच अशी लांबट बेटे टिकतात. यूस्टपाशी तो अडीच मीटरांच्या जवळपास आहे. पूर्वेकडे वेझर आणि एल्ब ह्या नद्यांच्या मुखांशी तो वाढत जातो, पाण्याची ये-जा इतकी जोराची होते की वाळूचा आडवा दांडा तिच्यापुढे धरत नाही, आणि तेथे ही बेटांची ओळ तुटते.

बेट आणि मुख्य भूमी ह्यांच्यामध्ये जो पट्टा आहे त्याला वाडन समुद्र म्हणतात. समुद्र म्हणावा तर दिवसातून दोनदा तो तेथे नसतो. कोकणातील श्रोत्यांनी खाजण डोळ्यांपुढे आणावे, फक्त ते क्षितिजापर्यंत पसरलेले आहे असे समजावे. भरतीला तेथे पाणी लखलखते. सहा तासांनी पाहावे तो करड्या चिखलाचे आणि वाळूचे मैदान, त्यातून नागमोडी वाहणारे ओहोळ, आणि मैदानभर पांगलेले पक्षी. यूस्टच्या साऱ्या जीवनाची गुरुकिल्ली ह्या मैदानात आहे.

बेटावर जावयाचे म्हणजे नॉर्डडाइख ह्या बंदरी यावयाचे. आगगाडी थेट धक्क्यापर्यंत येते. मोटारीने आलेल्यांनी मोटार येथेच ठेवावी लागते. मग बोट. परंतु बोट केव्हा सुटेल, हे घड्याळ सांगत नाही, चंद्र सांगतो. यूस्टला जाण्याचा जलमार्ग त्या चिखलाच्या मैदानातून जातो आणि ओहोटीत त्यात बोट तरण्याइतके पाणीच राहत नाही. म्हणून मोठी बोट भरतीच्या सुमारास निघते, आणि बहुतेक दिवशी जाणारी एक, येणारी एक, एवढ्यावरच समाधान मानावे लागते. भरती रोज सरासरी पन्नास मिनिटे उशिरा येते. त्यामुळे बोटीचे वेळापत्रक वर्षातील प्रत्येक दिवसाला निराळे छापतात. आपल्याकडचा नावाडी तिथीवरून भरतीची वेळ सांगतो, उधाण आणि भांग ह्यांचा हिशेब बोटांवर ठेवतो. त्याला हे वेळापत्रक अवघड वाटणार नाही. अवघड वाटते ते शहरातल्या मनुष्याला. सकाळी जाऊन संध्याकाळी परतू, असा बेत पुष्कळ दिवशी जमतच नाही. गेलो की निदान एक रात्र राहिलो, असे धरूनच चालावे.

नॉर्डडाइखपासून बेट डोळ्यांना दिसते, तरी बोटीला दीड तासाच्या आसपास लागतो. ती सरळ जात नाही. पाण्याखालच्या ओहोळांची वळणे घेत, मंदगतीने, ती पुढे सरकते. वाटेच्या कडेने चिखलात रोवलेल्या बर्च झाडाच्या कोवळ्या फांद्या ओळीने उभ्या दिसतात. ह्याच त्या मार्गाच्या खुणा. वादळाने आणि बर्फाने त्या उखडतात, ओहोळ जागा बदलतात, आणि दरवर्षी त्या नव्याने रोवाव्या लागतात. इतक्या साध्या साधनावर एका गावाचे दळणवळण चालावे ह्याचे प्रथम हसू येते. धुक्यात त्याच फांद्या एकामागून एक वर येऊ लागल्या म्हणजे हसू आपोआप मावळते. अर्स्किन चाइल्डर्स ह्या लेखकाने 1897 साली लहानशा शिडाच्या होडीतून ह्या पाण्यातून प्रवास केला आणि 1903 मध्ये 'द रिडल ऑफ द सँड्स' ही हेरगिरीची कादंबरी लिहिली. तीत धुक्यातून, ओहोटीच्या ओहोळांतून वल्हवीत नेलेल्या होडीचे जे वर्णन आहे, त्याचा देखावा हाच.

पूर्वी तर बोट गावापर्यंत येतही नसे. चिखलात दूरवर बांधलेल्या धक्क्याशी ती थांबे, आणि तेथून 1898 साली सुरू झालेली एक छोटी रेल्वे प्रवाशांना खांबांवरून गावात नेई. नवे बंदर झाले आणि 1982 मध्ये ती रेल्वे बंद पडली. बंदरात उतरल्यावर प्रथम नाकाला कळते की आपण कोठे आलो: घोडा, गवत आणि खारा वारा. सामान, किराणा, बांधकामाच्या विटा, हॉटेलांचे कपडे, इतकेच काय पण गावचा कचरासुद्धा घोड्यांच्या गाड्यांतून जातो. अग्निशामक दल आणि रुग्णवाहिका ह्यांना मोटारीची मुभा आहे, आणि ती असावी ह्याविषयी कोणाचे दुमत होणार नाही. बाकी सर्वांना पाय किंवा सायकल. उतरलेली कुटुंबे चार चाकांच्या हातगाड्यांवर पेट्या आणि पेट्यांवर मुले बसवून गावाकडे निघतात, हे दृश्य मोठे गमतीचे असते.

येथे एक प्रश्न मनात येतो. मोटार नाही ती निसर्गाच्या अडचणीमुळे, की माणसाच्या निश्चयामुळे? शेजारच्या नॉर्डरनायचा जलमार्ग खोल आहे. तेथे बोटी दिवसभर जातात, आणि त्यांतून मोटारीही जातात. यूस्टला उथळ पाण्याने रोखले, असे ह्यावरून वाटते. परंतु लांगेओगची बोट भरतीची वाट पाहत नाही, तरीही त्या बेटाने मोटारीस मज्जाव केला आहे. तेव्हा केवळ अडचण हे कारण पुरत नाही. अडचण होती तोवर लोकांना मोटारीवाचून राहण्याची सवय झाली, आणि सवयीतले सुख ध्यानात आल्यावर त्यांनी तिचा नियम केला, असे माझे मत आहे. ह्या नियमात एक विसंगतीही आहे. बेटाच्या पूर्वभागी लहान विमानांसाठी धावपट्टी आहे आणि नॉर्डडाइखहून विमान काही मिनिटांत तेथे पोहोचते. उतारूला गावात न्यावयास मात्र घोडागाडीच!

आता पाण्याविषयी. चोहोकडे खारा समुद्र, बेटावर नदी नाही, ओढा नाही, खडक नाही. मग दीड हजार रहिवासी आणि उन्हाळ्यात येणारे हजारो पाहुणे पितात काय? ह्याचे उत्तर टेकड्यांच्या पोटात आहे. पावसाचे पाणी वाळूत मुरते. गोडे पाणी खाऱ्यापेक्षा किंचित हलके असल्यामुळे ते खालच्या खाऱ्या पाण्यावर तरंगत राहते. वाळूचे कण त्यास शांत ठेवतात, म्हणून दोन्ही चटकन मिसळत नाहीत. मध्ये जाड व कडेला पातळ, अशा भिंगाच्या आकाराचा तो साठा असतो. हा नियम ज्या दोघांच्या नावाने ओळखला जातो त्यांपैकी एक, हेर्त्सबेर्ग, ह्याने 1901 साली आपला निष्कर्ष प्रसिद्ध केला तो ह्याच किनाऱ्यावरील, नॉर्डरनाय बेटाच्या पाणीपुरवठ्याच्या अभ्यासावरून. त्याचा हिशेब असा: समुद्राच्या पातळीवर गोड्या पाण्याची उंची एक मीटर असेल, तर पातळीखाली सुमारे चाळीस मीटर खोलीपर्यंत गोडे पाणी असावे. प्रत्यक्षात मातीचे थर आणि बेटाची अरुंदी ह्यांमुळे आकडा बदलतो, पण तत्त्व तेच. ह्याची दुसरी बाजू ध्यानात घेण्यासारखी आहे. वरची पातळी एक मीटर उतरली तर तळाची सीमा चाळीस मीटर वर चढू पाहील. अधाशीपणाने उपसा केला, किंवा टेकड्या फोडून समुद्र आत शिरला, तर हा साठा खारावतो आणि पुन्हा गोडा होण्यास फार काळ लागतो. तेव्हा टेकडीवरचे गवत तुडवू नका, आखलेली वाट सोडू नका, असे तेथे जागोजागी बजावलेले असते ते केवळ शोभेसाठी नव्हे. गवत गेले की वाळू उडाली, वाळू उडाली की टेकडीला खिंड पडली, आणि खिंडीतून समुद्र आला की प्यावयाचे पाणी गेले.

असे घडलेले आहे. 1651 च्या फेब्रुवारीत, संत पीटरच्या सणाच्या वेळी आलेल्या वादळी भरतीने यूस्टचे टेकड्यांचे कुंपण मधोमध फोडले आणि बेटाचे दोन तुकडे झाले. 1717 च्या नाताळातील महापुराने तर ह्या साऱ्या किनाऱ्यावर दहा हजारांहून अधिक माणसे बुडाली. यूस्टचे गाव आणि त्याचे चर्च ह्यांना एकाहून अधिक वेळा आपली जागा सोडावी लागली आहे. 1651 ची ती खिंड पुढे दीर्घकाळ उघडी होती. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात वाळूचे बांध घालून ती बुजवण्यात आली. दोन बांधांच्या मधल्या खोलगटात पावसाचे पाणी साचले, बोरू उगवला, आणि आज तेथे हामरसे नावाचे गोड्या पाण्याचे सरोवर आहे. ह्या सात बेटांवर गोड्या पाण्याचा एवढा मोठा तलाव दुसरा नाही. त्याच्या काठी उभे राहिले असता टेकडीपलीकडून समुद्राची गाज ऐकू येते. जेथे बेट तुटले नेमके तेथेच आपण उभे आहोत, हे ठाऊक असल्यावर ती गाज कानाला निराळी लागते.

वाळू कशी चालते ह्याचा सर्वांत बोलका पुरावा ओळीच्या दुसऱ्या टोकाला, वांगरोगेवर होता. वारा आणि लाटा मुख्यत्वे पश्चिमेकडून येत असल्यामुळे वाळू पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहते; एका टोकाला बेट झिजते, दुसऱ्याला वाढते. वांगरोगेवर सतराव्या शतकाच्या आरंभी एक भक्कम मनोरा पुरा झाला. तो गावात होता. 1854-55 च्या हिवाळ्यातील वादळांनी ते गाव उद्ध्वस्त केले, लोक पूर्वेकडे सरकले, आणि मनोरा मात्र जागचा न हलल्यामुळे पश्चिमेच्या पुळणीवर, भरतीच्या पाण्यात एकटा उभा राहिला. 1914 मध्ये महायुद्धाच्या आरंभी लष्कराने तो सुरुंगाने पाडला. मनोरा स्थिर होता. त्याच्याखालून बेट निघून गेले. ही धूप थांबवावी म्हणून नॉर्डरनायच्या पश्चिम टोकाला एकोणिसाव्या शतकाच्या मध्यानंतर दगडी तटबंदी बांधण्यास प्रारंभ झाला, आणि एकदा तट बांधला की त्याची डागडुजी कायमची मागे लागते.

ओहोटीत मैदानावर चालावयास जाणे हा बेटावरील मुख्य सोहळा होय. मात्र तो परवानाधारक वाटाड्याबरोबरच करावा. धोका समोरून येत नाही, मागून येतो. भरतीचे पाणी आधी ओहोळांतून शिरते, आणि आपण कोरड्या उंचवट्यावर निर्धास्त उभे असताना आपल्या व किनाऱ्याच्या मधला ओहोळ भरून गेलेला असतो. त्यात धुके उतरले तर दिशाही नाहीशा होतात. वाटाड्या काट्याने चिखल उकरून दाखवतो तेव्हा कळते की हे ओसाड मैदान ओसाड मुळीच नाही. जिकडेतिकडे शेवयांच्या वेटोळ्यासारखे वाळूचे ढीग दिसतात. ते वाळूत बीळ करून राहणाऱ्या एका किड्याचे काम. तो वाळू गिळतो, तिच्यातील अन्न घेतो आणि वाळू बाहेर टाकतो. मैदानाचा वरचा थर अशा रीतीने त्याच्या पोटातून पुन्हा पुन्हा जातो आणि नांगरल्यासारखा खेळता राहतो. ह्या किड्यांवर, शिंपल्यांवर आणि बारीक गोगलगाईंवर पक्ष्यांचे जग उभे आहे.

दरवर्षी एक कोटी ते एक कोटी वीस लक्ष स्थलांतरी पक्षी ह्या वाडन समुद्राचा आसरा घेतात. त्यांपैकी नॉट नावाचा एक पक्षी आपल्या साळुंकीएवढा. त्याची एक जात सायबेरियात अंडी घालते आणि हिवाळा पश्चिम आफ्रिकेत काढते. वाटेतील मोठा मुक्काम हा. येथे काही आठवडे पोटभर खाऊन तो आपले वजन जवळजवळ दुप्पट करतो, आणि त्या शिदोरीवर हजारो किलोमीटर उडतो. आपल्या चक्रवाकाच्या जवळच्या नात्यातली शेलडक बदके उन्हाळ्याच्या उत्तरार्धात लाखोंच्या संख्येने ह्या पट्ट्यात जमतात आणि जुनी पिसे टाकतात. नवी येईतो त्यांना उडता येत नाही. ज्या जागी मनुष्य सहज येऊ शकत नाही अशीच जागा त्या काळात त्यांना पाहिजे असते. बोटीला अडवणारा उथळपणा बदकाला राखतो.

पक्ष्यांचे हे महत्त्व सर्वांना पहिल्यापासून पटले होते असे नाही. एके काळी अंडी वेचणे आणि बंदुकीने पक्षी टिपणे ही नित्याची करमणूक होती. यूस्टच्या शाळेत 1882 पासून ओटो लेगे नावाचे एक शिक्षक होते. बेटाच्या नैऋत्येस मेम्मर्ट नावाचा वाळूचा एक उघडा पट्टा होता. तेथे पक्षी घरटी करीत आणि माणसे ती लुटीत. लेगे ह्यांनी लेखण्या झिजवून, खेपा घालून, तो पट्टा राखीव करण्याची खटपट चालवली आणि 1907 साली त्यांना यश आले. तेवढ्यावर ते थांबले नाहीत. मॅरम गवताचे ठोंब नेऊन त्यांनी ते वाळूत लावले. गवताने वाळू धरली, टेकड्या उठल्या, आणि पट्ट्याचे बेट झाले. एका प्राथमिक शिक्षकाने लावलेल्या गवतावर आज पक्ष्यांची मोठी वसाहत आहे. तेथे सामान्य प्रवाशास प्रवेश नाही. यूस्टच्या पूर्व टोकाचा कालफामर नावाचा भागही विणीच्या काळात बंद ठेवतात. पाहुण्यांपैकी काहींना हे खटकते: एवढ्या दूर येऊन दुरूनच पाहावयाचे! परंतु पुळणीवर उघड्यावर अंडी घालणाऱ्या पक्ष्याला एकदा उठवले की उन्हाने किंवा गारठ्याने ती अंडी वाया जातात. 1986 पासून हा सारा प्रदेश राष्ट्रीय उद्यान आहे आणि 2009 मध्ये वाडन समुद्राचा जर्मन व डच भाग जागतिक वारशात समाविष्ट झाला. पण खरे रक्षण त्या फलकापाशी थांबणाऱ्या पावलांनीच होते.

जावयाचे असल्यास केव्हा जावे? समुद्रस्नानासाठी जून ते ऑगस्ट. पक्ष्यांसाठी एप्रिल-मे किंवा सप्टेंबर-ऑक्टोबर. हिवाळ्यात वादळ बोटी थांबवते, आणि कडाक्याच्या थंडीत मैदानावर बर्फाचे थर चढून मार्ग बंद पडल्याचीही उदाहरणे आहेत. परतीच्या आगगाडीची वेळ फार घट्ट बांधून घेऊ नये.

गेल्या काही वर्षांत लहान वेगवान बोटी सुरू झाल्या आहेत. त्यांना पाणी थोडे पुरते, म्हणून त्या भरतीला तितक्या बांधलेल्या नाहीत. गाळ साचून मोठ्या बोटीचा मार्ग भरतो आणि तो उपसावा लागतो. सोय वाढली, हे कबूल केलेच पाहिजे. आजारी माणसाला किंवा मुख्य भूमीवर शिकावयास जाणाऱ्या मुलाला ती सोय पाहिजेच. चिंता आहे ती निराळी. समुद्राची पातळी सध्या वाढते आहे. ती सावकाश वाढली तर भरतीबरोबर येणारा गाळ साचून चिखलाचे मैदान तिच्याबरोबर उंच होत जाते. फार वेगाने वाढली तर मैदान मागे पडेल आणि ओहोटीतही पाण्याखाली राहील. मग नॉटने खावयाचे कोठे, आणि लाटांचा जोर मोडावयाचा कोणी? यूस्टचे लोक तूर्त आपले जुनेच काम करीत आहेत. टेकडीला खिंड पडली की तेथे काटक्यांची कुंपणे उभारावयाची, वाऱ्याने आणलेली वाळू त्यांच्याशी अडू द्यावयाची, आणि तीत गवताचे ठोंब लावावयाचे.

आणि समुद्रही आपले काम करतोच आहे. मेम्मर्टच्या पश्चिमेस काखेलोट नावाचा वाळूचा एक विस्तीर्ण पट्टा आहे. पूर्वी तो प्रत्येक भरतीत बुडे. ह्या शतकाच्या आरंभी त्याचा काही भाग नित्याच्या भरतीतही उघडा राहू लागला, वाऱ्याने त्यावर बारीक ढीग रचले आणि कोठे कोठे गवताची पाती दिसू लागली. करडे सील हिवाळ्यात तेथे पिले घालतात. ह्या पट्ट्याला बेट म्हणावे की नाही, ह्याविषयी जाणत्यांचे एकमत नाही. पुढच्या एखाद्या वादळाने तो विसकटून टाकला तर तो वादही मिटेल. तोपर्यंत सीलांची पांढरी पिले त्यावर पडून असतात.